‘सुफळ संपूर्ण’च्या पुढचे पान

प्रेमकथेचा शेवट लग्नाने व्हावा हा संकेत इतका रूढ झाला आहे की, तो केवळ एक संकेत आहे याचीही वाचकाला आठवण राहत नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की कादंबरीकार लेखणी खाली ठेवतो. पुढे त्या दोघांनी बिऱ्हाड कोठे केले, पहिल्या महिन्याचा पगार कोणाच्या हाती ठेवला, सासूबाईंचे आजारपण कोणी काढले, दहा वर्षांनी संध्याकाळच्या वेळी ती दोघे एकमेकांशी काय बोलत, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला नसतो. वाचकाचे स्वतःचे आयुष्य मात्र बहुतांशी याच न लिहिलेल्या पानांवर जाते. ओळख होण्यापासून लग्न ठरेपर्यंतचा काळ फार तर दोन-चार वर्षांचा. त्यापुढचा संसार तीस-चाळीस वर्षांचा. ललित साहित्याने पहिल्या दोन-चार वर्षांवर ग्रंथालये भरावीत आणि पुढच्या चाळीस वर्षांची बोळवण एका वाक्यात करावी, ही वाटणी विषम खरीच. ती का झाली आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

हमीचा माल

या वाटणीमागे केवळ लेखकांची आवड नाही, बाजारही आहे. लंडनमध्ये १९०८ साली स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेने १९३० नंतरच्या काळात प्रणयकथा हाच आपला मुख्य व्यवसाय केला. तिच्या पातळ पुस्तकांनी आपल्याकडच्या महाविद्यालयीन वसतिगृहांत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतही प्रवेश मिळविला. अमेरिकेत १९८० साली स्थापन झालेल्या प्रणयकथा-लेखकांच्या संघटनेने तर या प्रकाराची व्याख्याच करून ठेवली: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे आणि शेवट समाधान देणारा व आशादायी हवा. म्हणजे पुस्तक हाती घेणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. तो कुतूहलासाठी पैसे मोजत नाही, हमीसाठी मोजतो. ज्या मालाचे वैशिष्ट्य हमी हेच आहे, त्याच्या उत्पादकाने हमीची मुदत लग्नाच्या दिवशीच संपवावी, हे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. त्यापुढची हमी कोणालाच देता येत नाही.

वाचकाला पुढचे जाणून घ्यावयाचे नसते असे मात्र नाही. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या घरची मंडळी पात्रांचे पुढे काय झाले असे तिला विचारीत आणि ती हौसेने सांगे, अशी आठवण तिच्या भाच्याने लिहून ठेवली आहे. बेनेट भगिनींपैकी किटीचे लग्न पेंबर्लीजवळच्या एका धर्मोपदेशकाशी झाले आणि मेरीला मावशीच्या नवऱ्याच्या कचेरीतील कारकुनावर समाधान मानावे लागले, एवढी बातमी त्यातून मिळते. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, ही बातमीसुद्धा लग्नांचीच आहे. दोनशे वर्षांनंतरही मागणी तशीच आहे. अमेरिकन लेखिका ज्युलिया क्विन हिच्या ब्रिजर्टन मालिकेतील प्रत्येक जोडप्याचे पुढे काय झाले, असा वाचकांचा तगादा लागला. तेव्हा तिने प्रत्येक कादंबरीला दुसरे उपसंहार लिहिले आणि २०१३ साली ते एकत्रित पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हेलन फील्डिंग हिने ब्रिजेट जोन्सची तिसरी कादंबरी काढली. मागील दोन भागांत ज्याच्याशी नायिकेची गाठ पडावी म्हणून वाचक जीव टाकीत होते, तो मार्क डार्सी या भागाच्या सुरुवातीलाच मरण पावलेला आहे. वाचकांत हलकल्लोळ झाला. एकदा मोबदला घेऊन दिलेली हमी परत काढून घेतली गेली, असाच त्या रागाचा अर्थ होता.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की मागणीचे स्वरूप कळते. ‘नंतरचे’ हवे आहे, पण त्याची किंमत नको आहे. पी. डी. जेम्स हिने २०११ साली एलिझाबेथ आणि डार्सी यांच्या लग्नानंतरच्या सहाव्या वर्षाची कथा लिहिली, तेव्हा त्यांच्या रानात एक खून घडवून आणावा लागला. सुखी दांपत्याकडे वाचकाचे लक्ष वेधावयाचे तर दाराशी प्रेत आणून ठेवले पाहिजे, ही लेखनव्यवसायाची जुनी समजूत आहे. या समजुतीलाच आव्हान द्यावयास हवे.

आटपाट नगरातील संसार

आपल्या परंपरेकडे पाहिले तर एक आश्चर्य दिसते. श्रावणातल्या कहाण्या घरोघर वाचल्या जात. त्या आटपाट नगरात सुरू होतात, पण सुरू होतात त्या लग्न झालेल्या माणसांपासून. कोठे राजाला एक आवडती नि एक नावडती राणी असते, कोठे घरात दारिद्र्य असते, कोठे गरीब बहीण श्रीमंत भावाच्या दारातून अपमान होऊन परतते. कादंबरी जेथे ‘सुफळ संपूर्ण’ म्हणते, तेथे कहाणी नुकतीच बसकण मारते. तिचे विषय धान्य, मुले, मानपान आणि नवऱ्याची मर्जी हे आहेत. ती ऐकणाऱ्या बायकांना लग्नापूर्वीच्या प्रेमात रस नव्हता, कारण तो त्यांच्या वाट्याला आलेलाच नव्हता. लग्नानंतरचे आयुष्य त्यांना रोज जगावयाचे होते आणि कहाणी त्याविषयीच बोलत होती. उपाय म्हणून ती व्रत सांगे, हा भाग निराळा.

मराठी कादंबरी आली आणि तिने हा प्रदेश तीन विभागांत वाटून टाकला. पहिला विभाग सुधारणेचा. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’मधील (१८५७) यमुना विवाहित आहे आणि ती विधवांची दुःखे पाहत हिंडते, अखेर तीच स्थिती तिच्याही वाट्याला येते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. त्यातील यमू आणि रघुनाथराव यांचा मुंबईच्या बिऱ्हाडातील काळ हा मराठीतील दांपत्यप्रेमाचा पहिला सविस्तर आलेख म्हणावा लागेल. नवरा बायकोला शिकवितो, तिचे म्हणणे ऐकून घेतो, ती धीट होत जाते. परंतु हरिभाऊंना समाजापुढे एक अन्याय मांडावयाचा होता. म्हणून रघुनाथराव मरतात आणि यमूच्या वाट्याला केशवपन येते. त्या काळी हे सांगणे अधिक निकडीचे होते यात शंका नाही. पण त्यामुळे असे झाले की, गंभीर कादंबरीत लग्नानंतरचे सुख हे केवळ पुढच्या आघाताची पूर्वतयारी म्हणून उरले.

दुसरा विभाग विनोदाचा. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधील फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात तेव्हा प्रेक्षक हसतात, त्याच नाटकातील अश्विनशेठ आणि रेवती मात्र प्रेमाची पदे गातात. लग्न झालेल्यांना भांडण आणि न झालेल्यांना संगीत, अशी ही विभागणी आहे. चि. वि. जोश्यांचे चिमणराव आणि त्यांची काऊ यांच्या संसारात जिव्हाळा पुष्कळ आहे, पण त्याला हशाच्या आडूनच बाहेर यावे लागते. उरला तिसरा विभाग, निव्वळ प्रेमाचा. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांपर्यंत तो बहुतांशी लग्नाच्या अलीकडेच राहिला. आघात, हशा आणि लग्नापूर्वीचे प्रेम अशा या तीन खात्यांत दांपत्यप्रेमाला स्वतःचे खाते मिळाले नाही.

विदर्भाचा नाटककार

हा विषय मुळात रुक्ष आहे म्हणून असे झाले काय? तसे म्हणणाऱ्याने भवभूतीकडे पाहावे. आठव्या शतकातला हा नाटककार आपले कूळ विदर्भातील पद्मपूर नगरीचे असल्याचे सांगतो. त्याने दोन्ही प्रकार हाताळले. ‘मालतीमाधव’ हे प्रेम, अडथळे आणि अखेर मीलन अशा रीतसर बांधणीचे नाटक आहे. ‘उत्तररामचरित’ मात्र तेथून सुरू होते जेथे इतरांची रामकथा संपते. रावणवध झाला आहे, राज्याभिषेक झाला आहे, राम आणि सीता आपल्या महालात आहेत. वनवासातील प्रसंगांची चित्रे रंगविलेली आहेत आणि दोघे ती पाहत चालली आहेत. एका अर्थाने ते आपलीच जुनी प्रेमकथा वाचीत आहेत. गरोदर सीता थकून रामाच्या हातावर डोके टेकून झोपी जाते आणि तेवढ्यात दुर्मुख लोकापवादाची बातमी घेऊन येतो.

पुढे बारा वर्षांचा वियोग आहे. तिसऱ्या अंकात राम पुन्हा पंचवटीत येतो. सीता तेथेच आहे, पण गंगेच्या प्रभावाने ती कोणाला दिसत नाही. ज्याने आपला त्याग केला त्याचा शोक ती जवळ उभी राहून ऐकते. तो मूर्च्छित पडतो तेव्हा तिच्या स्पर्शाने सावध होतो. या अंकात राक्षस नाही, अपहरण नाही, युद्ध नाही. वीस वर्षांचा सहवास, एक अक्षम्य अन्याय आणि तरीही न संपलेले प्रेम, एवढीच सामग्री आहे. वनदेवता वासंती रामाला जे खडसावून विचारते, ते कोणत्याही आधुनिक वाचकाने विचारावे असेच आहे. मूळ रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते; भवभूतीने सातव्या अंकात दोघांना पुन्हा एकत्र आणले. हा शेवटही सुखाचाच, पण त्याची किंमत प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत मोजून झालेली आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तही गांधर्वविवाह निम्म्या वाटेवरच उरकतो, विसर, नकार, पश्चात्ताप आणि मुलाला घेऊन झालेली भेट हे सारे त्यानंतरचे. तेव्हा प्रेमकथा लग्नाशी थांबलीच पाहिजे हा नियम आपल्या अभिजात परंपरेने घातलेला नाही.

मुरांबा, फर्निचर आणि कर्ज

भवभूतीचे नायक-नायिका राजघराण्यातील होते. लोकापवाद आणि वनवास हे सामान्यांच्या संसाराचे विषय नव्हेत. सामान्य संसारातून कादंबरी कशी निघते हे एकोणिसाव्या शतकातील दोन लेखकांनी दाखविले.

टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’चे (१८७५–७७) नाव नायिकेच्या शोकांतिकेमुळे गाजले, पण त्या कादंबरीतील दुसरे जोडपे लेव्हिन आणि किटी यांचे आहे. त्यांच्या लग्नानंतरचे पहिले महिने टॉलस्टॉयने जसे लिहिले तसे फारच थोड्यांनी लिहिले असतील. ती दोघे क्षुल्लक कारणावरून भांडतात आणि भांडण कशावरून सुरू झाले हे दोघांनाही नंतर सांगता येत नाही. घरात मुरांबा कोणत्या पद्धतीने करावा यावरून जुन्या कारभारणीचा रुसवा होतो. लेव्हिनचा भाऊ मरणपंथाला लागतो तेव्हा किटीने बरोबर येऊ नये असे लेव्हिनला वाटते. ती हट्टाने जाते आणि त्या गलिच्छ खोलीत पाऊल ठेवताच अंथरूण, औषध, स्वच्छता यांची व्यवस्था हाती घेते. मृत्यूपुढे गोंधळून गेलेला तत्त्वचिंतक नवरा पाहतच राहतो. आपण जिच्याशी लग्न केले ती कोण आहे, हे त्याला लग्नानंतर कळते. प्रेमकथेतला हा शोध मागणी घालण्याच्या प्रसंगाहून कमी रोमांचक आहे, असे कोण म्हणेल?

जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१–७२) उलट बाजू आहे. लिडगेट हा बुद्धिमान डॉक्टर आणि रोझमंड ही गावातली देखणी मुलगी यांचे लग्न प्रेमातूनच होते. त्यांच्यामध्ये तिसरे माणूस येऊन संसार मोडत नाही. मध्ये येतात ती बिले. घर थाटताना घेतलेले फर्निचर, चांदीची भांडी, चढत गेलेले कर्ज. लिडगेट घर सोडून लहान जागेत जाण्याचे ठरवितो आणि रोझमंड त्याला न सांगता दलालाला दिलेला निरोप फिरविते. दोघांपैकी कोणीही दुष्ट नाही. पैशाविषयी मोकळेपणाने बोलण्याची भाषा त्यांच्याजवळ नाही, एवढेच. प्रेमाच्या दिवसांत त्या भाषेची गरज पडली नव्हती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कुटुंब हे एक उपभोग-एकक म्हणून येते. त्या एककाच्या आत दोन माणसे असतात आणि त्यांच्यात रोज वाटाघाटी चालतात, ही गोष्ट इलियटने अर्थशास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी सांगितली. अलीकडे अ‍ॅलन द बॉटन याने ‘द कोर्स ऑफ लव्ह’मध्ये (२०१६) एडिंबरोतील एका जोडप्याचा वर्षानुवर्षांचा संसार मांडला. त्यात दुकानातून कोणते पेले घ्यावेत यावरूनही वितुष्ट येते, आणि पुष्कळ वर्षांनंतर नायकाला वाटते की, आपण आता कुठे लग्नाला लायक झालो.

दिवसाचे पाच तास

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर तो समीक्षकांवर सोपविता आला असता. पण तरुण वाचक कादंबरीतून नुसती करमणूक घेत नाहीत, अपेक्षाही घेतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया बिनपगारी घरकाम करीत होत्या आणि त्यात त्यांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. पुरुषांपैकी असे काम करणारे होते २६.१ टक्के, आणि त्यांची मिनिटे होती ९७. जवळजवळ पाच तासांचे हे रोजचे काम प्रेमकथेत कोठे दिसते? नायक नायिकेसाठी वादळात धावून जातो. तो सकाळी साडेपाचला उठून डबे भरण्यास हात लावतो काय, हे कथा विचारीत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीने संध्याकाळी कचेरीतून परत आल्यावर पदर खोचून ओट्याशी उभे राहावे हे इतके गृहीत धरलेले आहे की, त्यात कथा असू शकते याची शंकाही येत नाही. वस्तुतः संसारातील प्रेम टिकते की आटते, याचा निकाल याच पाच तासांत लागत असतो.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ठरावीक कारणांसाठी घटस्फोटाची तरतूद केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने विभक्त होण्याचा मार्ग खुला केला. वरवर पाहता ही तरतूद संसार मोडण्यासाठी आहे. पण तिचा एक परिणाम न मोडणाऱ्या संसारावरही झाला. जेथे बाहेर पडण्याचा दरवाजाच नाही तेथे आत राहण्यावरून प्रेमाविषयी काहीच सिद्ध होत नाही. दरवाजा असताना माणूस राहतो तेव्हा ते राहणे ही निवड ठरते, आणि निवड आली की कथा आली. अर्थात हा दरवाजा दोघांना सारखाच उघडा नाही. जिच्या हाती स्वतःची मिळकत नाही, जिला परत जाण्यास माहेर नाही, तिच्या दृष्टीने कायद्याचे कलम आणि प्रत्यक्ष निवड यांत मोठे अंतर आहे. हे अंतर दाखविणे हेही ‘नंतरच्या’ कादंबरीचेच काम होय. विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये (१९३४) विवाहबंधनाचा प्रश्न उभा केला, तो याच वाटेवरचा. पुढे गौरी देशपांडे आणि सानिया यांनी प्रेम करून झाल्यानंतरच्या स्त्री-पुरुषांकडे डोळसपणे पाहिले. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’मधील नाना-नानी तर अशा वयाची आहेत की, मुले दूर गेल्यावर घरात दोघांनाच दोघे उरली आहेत. ही वाट मळलेली नसली तरी अगदीच अज्ञात नाही.

विसाव्याचा हक्क

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला संध्याकाळी कादंबरीतही पाण्याची भांडणे आणि महिनाअखेरची ओढाताण वाचावयास लावणे हा जुलूम नव्हे काय? दोन घटका विसरण्यासाठीच तो पुस्तक उघडतो. हा हक्क मान्य केला पाहिजे. लग्नाशी संपणाऱ्या प्रेमकथेने आपल्या समाजात एक मोठे कामही केले आहे. जेथे जात, कुळी आणि हुंडा यांवर लग्ने ठरत, तेथे माणसाने माणसाला निवडावे ही कल्पना तिने लक्षावधी घरांत पोचविली. ती कल्पना अजूनही सर्वत्र सुरक्षित नाही. तेव्हा त्या कथेला मोडीत काढण्याचे कारण नाही.

परंतु विसावा आणि भूल यांत फरक आहे. ‘नंतरचे’ म्हणजे दुःखच, ही समजूत ज्या साहित्याने रुजविली त्यानेच वाचकाला अंतरपाटाशी थांबण्याची सवय लावली. सुख लग्नाच्या दिवशी पुरे होते असे ज्याला वाटते, त्याला पहिल्या वर्षातील पहिले भांडण हे फसवणुकीसारखे भासते. आपलेच काही चुकले, आपलेच माणूस चुकीचे निघाले, असे तो समजू लागतो. लेव्हिन आणि किटीही अशीच भांडली हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रेम आटल्यामुळे भांडण झाले, की दोन माणसे एका छताखाली राहू लागल्यामुळे झाले, हे ओळखण्याचे शिक्षण शाळा देत नाही, महाविद्यालय देत नाही, आणि वडीलधारी मंडळी देतात ते बहुधा एकट्या सुनेलाच देतात. चांगली कादंबरी ते दोघांनाही देऊ शकते.

यासाठी लेखकांनी प्रवचने लिहावीत असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी एवढेच करावे की, दोघांच्या पगाराचा हिशेब, रात्री उठून मुलाला थोपटणारा हात, वर्षानुवर्षे टाळलेले एखादे बोलणे आणि एके दिवशी ते बोलले जाणे, या गोष्टी प्रणयाच्या आड येणाऱ्या नसून प्रणयाचाच मजकूर आहेत, हे ओळखावे. ग्रंथालयातून कादंबरी नेणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला अशा पुस्तकात स्वतःचे घर दिसेल. कदाचित ते पुस्तक नवरा वाचील आणि नंतर बायकोच्या हाती देईल, किंवा बायको आधी वाचील आणि काही न बोलता त्याच्या उशाशी ठेवील. ज्या विषयावर बोलण्यास शब्द सापडत नव्हते, त्याचा आरंभ एवढ्यानेही होऊ शकतो.